परक्या अंगणातली हरळी

जुलै लागला की आमची अबूधाबीच्या खलिफा सिटीतली गल्ली ओस पडते. शाळा बंद झाल्या की निम्मे लोक इंडियाला पळतात आणि उरलेले काचेच्या आत बसतात. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, क्षणभर काही दिसत नाही. गार पाण्याचा नळ सोडला तर हात पोळतो. आभाळ निळं नसतंच, घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं पांढुरकं असतं. खजूर मात्र याच दिवसांत पिकतो. समोरच्या व्हिलात घडांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात आणि खाली गळालेल्या फळांचा आंबूस गोड वास सुटलाय. एवढ्या उन्हात कोपऱ्यावरची जास्वंद कुणाच्या बापाला न भिता फुलते.

काल संध्याकाळी कचऱ्याची पिशवी टाकून परत आले तर आत इराच्या फोनवर टिंग वाजलं. इरा माझी लेक, बारावीत आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. सोफ्यावरून हलली नाही. म्हणाली, "आई, देअर इज समवन ॲट द डोअर."

"अगं बये, मीच आहे. दार उघड."

"ओके, नाऊ आय कॅन सी."

म्हणजे माझ्याच दारात मी आधी 'कुणीतरी' असते, मग आई होते. मागच्या महिन्यात तिच्या बाबांनी बेलमध्ये कॅमेरा बसवून घेतला. मी विरोध केला तर बापलेक दोघंही माझ्याकडे बघत राहिले. कारण काय सांगणार मी? हा उन्हाळा आणि दारावरचा तो काळा मणी, ही जोडी जमली की मला एक गाव आठवतं. अमेरिकेतलं, दक्षिणेकडचं. तिथे मी कधी गेले नाही, जायचं मनातही नाही. पण त्या गावातल्या दारांसमोरची पायपुसणी मला अजून पाठ आहेत.

तेव्हा आम्ही दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला राहायचो. मिलिंद, माझा नवरा, एसीच्या डक्टची कामं घ्यायचा, आजही घेतो. इरा शाळेत रमली आणि मी शेजारच्याच टॉवरमध्ये एका ऑफिसात लागले. काय काम करतेस विचारलं की मी 'कस्टमर सपोर्ट' म्हणून मोकळी व्हायचे. खरं सांगायला मनाई होती, आणि नसती तरी सासूबाईंना ते समजावताना माझी हयात गेली असती. काम असं. अमेरिकेत शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एक ॲप होतं. गल्लीतली माणसं त्यावर लिहायची. मांजर हरवलं, कुणाच्या कुत्र्यानं घाण केली, पार्सल दारातून गायब झालं. दारावरच्या कॅमेऱ्यांतले तुकडे टाकायची. त्यावर कुणी तक्रार केली की तो मजकूर आमच्या पडद्यावर यायचा, आणि आम्ही दोनांतलं एक बटण दाबायचं. ठेवा किंवा काढा. झालं. ॲपच्या लोकांना स्वस्तात इंग्रजी वाचणारे डोळे हवे होते, ते आमचे होते.

सुरुवातीला मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. लोकांच्या दारात डोकवायला कुणाला आवडत नाही? अमेरिका म्हणजे मला उंच इमारती वाटायच्या. पडद्यावर दिसली ती हिरवळ, पाण्याचे फवारे, दारात ठेवलेले भोपळे आणि निवडणुकीच्या पाट्या. एका घरासमोर एक पाटी, शेजारच्या घरासमोर तिच्या विरुद्ध पाटी, आणि मध्ये कापलेलं गवत. हीच दोन घरं हरवलेल्या मांजरासाठी मात्र एकमेकांना धीर द्यायची. शाळेच्या लायब्ररीत कुठलं पुस्तक असावं यावर जिवावर उठायची. मास्क, बंदुका, कुणी कुठल्या देशातून आला, कुणाचा ट्रक मोठा. मी रोज डबा खात खात त्यांची भांडणं वाचायचे आणि घरी येऊन मिलिंदला सांगायचे, अरे, आज सतरा नंबरवाली फार तापली होती. तो म्हणायचा, तुझ्या सासरच्या माणसांपेक्षा तुला त्यांचीच जास्त माहिती.

माणसाचं मत कसं तयार होतं ते मी त्या खुर्चीत बसून शिकले. पहिला विचारतो, याला कुणी ओळखतं का? एवढंच, साधा प्रश्न. दुसरा म्हणतो, मीसुद्धा पाहिलंय याला. तिसऱ्याला आठवतं की परवा आपल्या गाडीचं दार नीट लागलेलं नव्हतं. चौथ्यात मुलं येतात, की आमची मुलं इथे खेळतात. मुलं आली की संपलं, त्या माणसाचं काय ते ठरून जातं. हे सगळं चहा उकळायच्या आत. माणसाचं वाईट चिंतायला आमच्या सांगलीतही कुणी मागे नव्हतं, पण आमच्याकडे निदान कुणीतरी मधेच म्हणायचं, अगं तो कुलकर्ण्यांचा भाचा, थोडा विचित्र आहे पण गरीब आहे. त्या ॲपवर हे म्हणणारं कुणी नसायचं.

माझी शिफ्ट दुपारची. त्यांची पहाट व्हायची तेव्हा आमच्याकडे ऊन डोक्यावरून कलायला लागलेलं असायचं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसी एवढा की आम्ही बायका शाली घेऊन बसायचो. मधल्या सुट्टीत मी खाली जायचे. उन्हाळ्यात दुपारी साइटची कामं बंद ठेवावी लागतात, तेव्हा बाजूच्या बांधकामावरचे लोक आमच्या टॉवरच्या सावलीत पुठ्ठे पसरून झोपायचे. सावली सरकली की ते पुठ्ठ्यासकट सरकायचे. त्यातला एक गुहागरकडचा होता. मराठी ऐकून एकदा हसला आणि म्हणाला, "ताई, ही बिल्डिंग आमची दुपारची आई हाय." त्याच आठवड्यात आमच्या टॉवरच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, लॉबीसमोर हे बरं दिसत नाही, मॅनेजमेंटनं लक्ष घालावं. फोटोत त्याचे फक्त तळवे दिसत होते. मी जिना चढून वर गेले आणि पुन्हा अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी तपासायला बसले.

अशाच एका दुपारी पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले.

पहाटेचा राखाडी उजेड. फुटपाथवरून एक म्हातारा माणूस येतो. पायजमा, अर्ध्या बाहीचा बुशशर्ट, पायात पांढरेशुभ्र, जरा मोठेच झालेले स्पोर्ट्स शूज. हातात कापडी पिशवी. दारासमोरच्या जास्वंदीपाशी थांबतो. इकडेतिकडे बघत नाही, लपत नाही. वाकून आधी बूट काढतो, नीट जोडून ठेवतो. झाडाला हात लावून तो हात कपाळाला लावतो. मग चार फुलं काढतो, कळ्या सोडून, फांदीला धक्का न लावता. पुन्हा बूट घालतो आणि जातो.

खाली घरमालकिणीनं लिहिलं होतं, सावळा माणूस, पिशवी घेऊन आमच्या अंगणात. शेजाऱ्यानं लिहिलं, बूट काढले ते बघितलंत? पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. सराईत आहे.

मी हसले. अगदी मोठ्यानं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं वळून बघितलं. अहो सराईत कसला, देवाची फुलं काढताना कुणी पायात वहाणा ठेवतं का? आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे असेच पहाटे हिंडायचे, लोकांच्या कुंपणाबाहेर आलेली फुलं काढत. घरातली बाई खिडकीतून म्हणायची, अण्णा, चार आमच्या देवालाही ठेवा हं. पुण्याला, नाशिकला, कुठेही जा, हे चालतंच. देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. एवढं साधं, आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही, आणि त्या गावात ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमच्या नियमात असं होतं: नुसतं माणसाच्या रंगरूपावरून लिहिलं असेल तर काढा, त्यानं काही केलेलं दिसत असेल तर ठेवा. मी ते पोस्ट काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा टाकलं, या वेळी शहाणी होऊन. रंगाचा उल्लेख नाही, फक्त फुलं तोडतानाचा तुकडा. आता ती कृती होती. ठेवणं भाग होतं.

मग ते रोजच दिसायला लागले. वेगवेगळ्या दारांवरून, वरून, बाजूनं, काचेत चेहरा वाकडा झालेला असा. मला त्यांचं सगळं पाठ झालं. डावा पाय किंचित ओढायचे. गंध लावलेलं असायचं, म्हणजे आंघोळ करूनच निघायचे. मंगळवारी लाल फुलासाठी दोन गल्ल्या जास्त चालायचे. कुत्रं भुंकलं की त्याच्याशी बोलायचे, आवाज यायचा नाही पण ओठ हलायचे, आणि मला खात्री होती की ते कुत्र्याशी मराठीत बोलताहेत. एखाद्या दिवशी दिसले नाहीत की माझं कामात लक्ष लागायचं नाही. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आता असते तर असेच कुणाच्या तरी कुंपणाशी उभे राहिले असते. मला त्या माणसाची माया लागली, सरळ सांगते. त्यांना मी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

एका तुकड्यात त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तिच्यावरची अक्षरं दिसली. आपल्याकडे लग्नात आहेराला छापील कापडी पिशव्या देतात, तशातली. घडीमुळे अर्धीच दिसत होती. 'शुभविवाह', आणि त्याखाली 'आठल्ये परिवार, सांगली'. माझ्या गावची पिशवी. 

आणि मग संकष्टी आली.

त्या दिवशीच्या तुकड्यात ते फुलांपाशी नव्हते. एका घरासमोरच्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले होते, वाकून, बोटांनी गवत चाचपत. एकेक काडी निरखून खुडत होते, जुडी करत होते. अहो, ती हरळी होती. आपल्याकडे शेतकरी हरळी खणता खणता म्हातारा होतो आणि तिथे हौसेनं लावतात, पाणी पाजतात, कापतात. त्यांना त्या परक्या मुलखात, एवढ्या मोठ्या हिरवळीत, गणपतीच्या दूर्वा सापडल्या होत्या. त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता पण पाठ आनंदात होती. पाठीवरून कळतं माणसाचं.

खाली मात्र भराभर लिहिलं जात होतं. हा काहीतरी पुरतोय. वायर शोधतोय. गेले दोन आठवडे घरांची टेहळणी करतोय, फुलं हा बहाणा आहे. आमची मुलं या गवतावर खेळतात. आणि शेवटी त्या घराचा मालक: माझी जमीन आहे. पुढच्या वेळी मी दारामागे तयार असेन.

त्याचं आधीचं लिखाण मी वाचलेलं होतं. त्याच्याकडे कुठल्या कुठल्या बंदुका आहेत, ते तो फोटोसकट मिरवायचा. मी उठून रानियाकडे गेले. रानिया आमची टीम लीड, इजिप्तची, भली बाई पण दमलेली. तिला म्हटलं, ही धमकी आहे, काढूया आणि वर कळवूया.

तिनं वाचलं. "तयार असेन, एवढंच लिहिलंय. कशाला तयार? हबीबती, कॉफी घेऊन तयार असेल."

"रानिया, हा माणूस पूजेसाठी गवत खुडतोय. मला माहितेय."

"तुला माहितेय. पण तुकड्यात दिसतंय का?" तिनं मान हलवली. "शब्दात हत्यार नाही, नियमात बसत नाही. ठेव. खलास. यल्ला, पुढचं बघ."

मी पुढचं बघितलं नाही. लॉकरमधून फोन काढला आणि खाली गेले. आत बघितलेलं बाहेर बोललं तर त्याच दिवशी नोकरी जाते, यावर मी सही केलेली होती. बाहेर उन्हाची झळ अंगावर आली, सावलीत ती माणसं झोपली होती, आणि त्यांच्या उशाशी उभं राहून मी सांगलीला कुसुममावशीला फोन लावला. माझी आई गेल्यापासून मावशीच माझं माहेर. गावातलं कुठलंही लग्न, बारसं, भांडण तिला विचारून होत नाही, पण तिला कळल्याशिवायही राहत नाही.

"मावशी, आठल्ये म्हणून कुणी ओळखतेस? ज्यांच्याकडचं कुणी अमेरिकेला आहे?"

"आठल्ये? म्हणजे सुधाताईंचे मिस्टर. पाटबंधाऱ्यात होते. लेकीकडे गेलेत नातवाला बघायला, एकटेच. सुधाताईंचे गुडघे दुखतात ना. का गं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. मावशीनं तिकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "गोळी घालतील?"

"घालतील म्हणत नाही. पण घालतात गं तिथे. तू आत्ता जा. त्यांना उद्या पहाटे बाहेर पडू देऊ नकोस. आणि माझं नाव कुठे यायला नको, माझी नोकरी जाईल."

"मग काय सांगू? मला कुठून कळलं?"

"काहीही सांग."

"बरं," मावशी म्हणाली. "स्वप्न पडलं म्हणते."

मला हसावं की रडावं कळेना. पण मावशी पोचलेली बाई. ती चपला घालून तशीच गेली आणि सुधाकाकूंना सांगितलं, दुपारी डोळा लागला होता तर स्वप्न पडलं, भाऊजी परक्या अंगणात दूर्वा खुडतायत आणि दारामागून कुणीतरी धावून येतंय. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच लेकीला फोन लावला. आता मला सांगा, मावशीनं 'व्हिडिओ बघितला' म्हटलं असतं तर चार प्रश्न आले असते, कुठला, कुणी पाठवला, फॉरवर्ड तर नाही ना. स्वप्नाला कुणी पुरावा विचारत नाही. लेकीनं आधी आईला वेड्यात काढलं. मग बाबांना विचारलं. ते म्हणाले, हो, आणतो की फुलं, चांगली आहेत माणसं, कुणी कधी ओरडलं नाही. तेव्हा तिनं ते ॲप उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर म्हातारा नव्हता. त्याच्याऐवजी एका बाईचं लिखाण होतं. स्वच्छ, मऊ इंग्रजी. तुम्ही जे बघताय ते माझे वडील आहेत. भारतातून आलेत. त्यांना विस्मरणाचा आजार आहे, आपण कुठे आहोत हे त्यांना नेहमी समजत नाही. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.

मी ते दोनदा वाचलं. मंगळवार न चुकवणारा, चतुर्थी न चुकवणारा, कळ्या सोडून फूल काढणारा माणूस. त्याला विस्मरण? पण त्या मुलीला दोष कसा देऊ? बाप जिवंत राहायला हवा होता. 'माझे वडील शहाणे आहेत, देवासाठी फुलं काढतात' असं लिहिलं असतं तर चोरी आणि वर धर्म, असं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. आजारी म्हटल्याबरोबर सगळे विरघळले. बदामाचे इमोजी, जोडलेले हात. माझ्या आजीलाही असंच होतं. देव त्यांना जपो. दारामागे तयार असणाऱ्यानं लिहिलं, ताई, आधी सांगायचं होतं, काही लागलं तर हाक मारा. सराईत म्हणणाऱ्यानं फुलाची कुंडी आणून देतो म्हटलं. तीच माणसं, तेच हात. कालचा चोर आज बाळ झाला होता, मधे माणूस म्हणून काही थांबा नव्हताच.

तुकडे मग फारसे आले नाहीत. तक्रारच नव्हती तर माझ्याकडे येणार कसे? शेवटचा एक आला तो उलट्या कारणानं: कुणाला तरी वाटलं की आजारी माणसाचा असा व्हिडिओ टाकू नये. पोस्ट टाकणारीनं खाली लिहिलं होतं, आमचा लाडका फ्लॉवर ग्रँडपा.

तोच फुटपाथ, तोच राखाडी उजेड. या वेळी पिशवी नाही. गळ्यात दोरी आणि दोरीला प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्ड, शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलांना घालतात तसं. दोन्ही हात पाठीमागे, एकात एक घट्ट धरलेले. जास्वंदीपाशी थांबले. बूट काढले नाहीत. फुलांकडे बघितलं. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं, इतकं सरळ की मी खुर्चीत मागे सरकले. हात पुढे आणले आणि नमस्कार केला. दाराला, की बेलला, की आत कुणी असेल त्याला. पुन्हा हात मागे बांधले आणि निघून गेले.

मी 'ठेवा' दाबलं. नियमात बसत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली आणि पुढे आम्ही अबूधाबीकडे आलो. पण हे असं सोडून जात नाही. जुलैत दुपारी पडदे ओढून पडलं की डोळ्यांसमोर तो चेहरा येतो, काचेत वाकडा झालेला. कधी मॉलच्या सरकत्या जिन्यावर एखादा म्हातारा हात मागे बांधून उभा दिसतो आणि मी वळून वळून बघते. लोकांना मेलेल्यांची भुतं दिसतात, मला एका जित्या माणसाचं दिसतं. मी फोन केला नसता तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तोच फोन करीन, तेवढ्याच घाईनं. तरी दुपार झाली की जीव घाबरा होतो, हे खरं.

गेल्या डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो होतो. मावशी म्हणाली, चल, सुधाताईंकडे जाऊन येऊ. मी नको नको म्हणत गेले.

काकांनीच दार उघडलं. डावा पाय किंचित ओढत आत गेले आणि खुर्ची सरकवली. हा माणूस मला रोज दिसायचा आणि आज पहिल्यांदा भेटत होता. आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. मावशीनं ओळख करून दिली, ही माझी भाची, दुबईकडे असते. तिथल्या उन्हाबद्दल त्यांनी विचारलं, खजुराबद्दल विचारलं, खजुराला पाणी किती लागतं हेही विचारलं. सगळं नीट आठवत होतं त्यांना, मावशीच्या धाकट्या दिराचं नाव, कालव्याला पाणी सोडायच्या तारखा, सगळं.

काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "कुसुमताईंना स्वप्न पडलं म्हणून वाचले हो हे. देवच बघत होता."

"असेल," काका म्हणाले. "कुणीतरी बघत होतं एवढं मला तिथे कळायचं."

मी बशीत चहा ओतत राहिले.

"माणसं चांगली होती तिथली," ते पुढे म्हणाले. "शेवटी शेवटी तर झाडून सगळे हात करायचे मला. गाडी थांबवून करायचे." मग त्यांनी कप खाली ठेवला. "वेड्याला करतात तसा."

काकू म्हणाल्या, असं काय बोलता, पाहुणे आलेत.  निघायच्या वेळी त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "अहो, सवाष्ण रिकाम्या केसांनी जायला नको. एक फूल द्या ना हिला झाडाचं."

दारातच जास्वंद होती, कुंपणाच्या आतली, त्यांनी स्वतः लावलेली, लाल फुलांनी लगडलेली. काका पायरी उतरून झाडापाशी गेले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी वाट बघत होते. फूल हाताच्या अंतरावर होतं.

"घ्या की काका," मी म्हटलं. "आपलंच झाड आहे."

"हो, आपलंच आहे," ते म्हणाले. "पण विचारलेलं बरं."

आणि घराकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सुधा, एक फूल घेऊ का गं?"

काकू कप विसळायला आत गेल्या होत्या, नळ सुरू होता. आतून उत्तर येईपर्यंत काका तसेच उभे राहिले.